ब्रायन मे आणि त्यांची घरीं घडविलेली गिटार

वाद्य वाजविणारे पुष्कळ असतात. पण आपलें वाद्य आपल्याच हातांनीं घडवून तेंच जन्मभर वाजविणारे फार थोडे. मिरजेच्या कारागिरानें सतार करावी आणि वादकानें ती वाजवावी, अशी कामाची वांटणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, व तींत वावगें असें कांहींच नाहीं. इंग्लंडांत मात्र एक वादक असे आहेत कीं, त्यांनीं सोळाव्या वर्षीं वडिलांच्या मदतीनें विजेवर वाजणारी एक गिटार करावयास घेतली, दोनएक वर्षांत ती पुरी केली, आणि वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरहि तीच त्यांच्या हातीं आहे. या वादकांचें नांव ब्रायन मे. 'क्वीन' नांवाच्या सुप्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचे ते गिटारवादक.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस या वृंदाचीं गाणीं तोंडपाठ आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. कित्येक पालकांस तीं निव्वळ गोंगाट वाटतात हेंहि ठाऊक आहे. आमच्यापुरतें सांगावयाचें तर रॉक संगीतांतील बरेंचसें आम्हांसहि रुचत नाहीं. तथापि जिचें लांकूड एका जुन्या शेकोटीवरच्या फळीचें आहे, जिचे पडदे गणितानें बसविलेले आहेत, आणि जिच्यापायीं ती घडविणाऱ्या बापलेकांतच पुढें दुरावा आला, त्या गिटारीची हकीकत दोन्ही पक्षांनीं ऐकण्यासारखी आहे.

ब्रायन यांचा जन्म १९ जुलै १९४७ रोजीं लंडनच्या पश्चिमेस हॅम्प्टन येथें झाला. आईबापांचे ते एकुलते एक. वडील हॅरल्ड मे हे सरकारच्या विमानविषयक खात्यांत यंत्रांचे आराखडे काढीत. ध्वनीपेक्षां अधिक वेगानें उडणाऱ्या कंकॉर्ड विमानाच्या सामग्रीचें कामहि त्यांच्याकडे होतें. पगार बेताचा, पण हात कसबी. घरांतला रेडिओ त्यांनीं स्वतः जोडलेला होता, आणि दूरचित्रवाणीचा संचहि. मुलाला आकाश पाहण्याची आवड लागली तेव्हां बापलेकांनीं मिळून एक लहानशी दुर्बीण केली. उकुलेले-बॅंजो हें चार तारांचें छोटें वाद्य वडील वाजवीत. त्याचे पहिले धडे ब्रायननें त्यांच्याचपाशीं घेतले, आणि सातव्या वाढदिवशीं त्याला एक साधी गिटार मिळाली. तिचा आवाज मोठा व्हावा म्हणून पुढें त्यानें लोहचुंबकांवर तारेचीं वेटोळीं गुंडाळून तिला बसविलीं आणि तीं वडिलांच्या रेडिओला जोडलीं.

त्या काळीं विजेची गिटार हें इंग्लंडांतल्या असंख्य शाळकरी मुलांचें स्वप्न होतें. अमेरिकेंतील फेंडर किंवा गिब्सन यांची गिटार घेणें मे कुटुंबाच्या आवांक्याबाहेरचें. तेव्हां १९६३ च्या ऑगस्ट महिन्यांत, ब्रायन हॅम्प्टन ग्रामर स्कूलचा विद्यार्थी असतांना, बापलेकांनीं ठरविलें कीं आपणच ती करावी. घरांतल्या एका खोलीचा कारखाना झाला.

विलायतेंत थंडीसाठीं खोलीच्या भिंतींतच शेकोटीची जागा बांधलेली असते व तिच्यावर लांकडी फळी बसविलेली असते. एका परिचितांच्या घरची अशी महॉगनीची जुनी फळी टाकून दिली जात होती. तिच्यांतून गिटारीची दांडी निघाली. लांकूड चांगलें मुरलेलें होतें, पण किड्यांनीं त्यांत भोकें पाडलीं होतीं. तीं आगपेटीच्या काड्या बसवून बुजविलीं, आणि ब्रायननें हातानें तासून तासून दांडीला आकार दिला. अंगाचा मधला भाग जुन्या मेजाच्या ओक लांकडाचा. बाजूस साध्या जोडफळ्या. वर महॉगनीचा पातळ पापुद्रा. दांडीवर खुणेसाठीं जे पांढरे ठिपके लागतात ते आईच्या शिवणाच्या पेटींतल्या शिंपल्यांच्या गुंड्यांपासून केले. सर्व मिळून खर्च सुमारें आठ पौंड आला. तिच्या तांबूस रंगावरून तिला पुढें 'रेड स्पेशल' हें नांव पडलें.

आतां पडद्यांकडे वळूं, कारण येथें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस कांहीं शिकण्यासारखें आहे. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे एकदां ठोकले कीं ठोकले. ते बिनचूक बसले नाहींत तर गिटार जन्माची बेसूर. पेटीवर एका सप्तकांत काळ्या व पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात हें सर्वांस माहीत आहे. सा पासून वरच्या सा पर्यंत तारेच्या कंपनांची संख्या दुप्पट होते. ती वाढ बारा सारख्या पायऱ्यांनीं व्हावयाची, तर प्रत्येक पायरीस कंपनसंख्येला अशा एका आंकड्यानें गुणावें लागेल कीं, तो आंकडा बारा वेळां मांडून गुणाकार केला असतां उत्तर २ यावें. हा आंकडा १.०५९४६ च्या आसपास आहे. ब्रायननें आपल्या तारेची वाजती लांबी २४ इंच धरली. २४ ला या आंकड्यानें भागलें कीं २२.६५ येतात, म्हणजे पहिला पडदा दांडीच्या वरच्या टोंकापासून जवळजवळ १.३५ इंचांवर. असें करीत गेलें कीं बारावा पडदा बरोबर मध्यावर, १२ इंचांवर येतो. त्यानें पडदे चोवीस बसविले. शेवटच्या पडद्यापुढें तार सहाच इंच उरते. मुलांनीं हा हिशेब वहींत करून पाहावा. दशांशांत झालेली चूक वहींत तांबड्या शाईनें दिसते. गिटारींत ती कानाला दिसते.

दुसरी अडचण मिंडीची. सतारिया तार आडवी ओढून मींड घेतो. गिटारींतहि तसें करतां येतें. पण शिवाय एक दांडा असतो, तो दाबला कीं सर्व तारा एकदम सैल होतात आणि स्वर खालीं घसरतो. दांडा सोडला कीं तारा पहिल्या सुरावर परत आल्या पाहिजेत, आणि बाजारच्या पुष्कळ गिटारी येथेंच दगा देत. बापलेकांनीं विचार केला कीं, याचें मूळ घर्षणांत आहे. सोनाराच्या तराजूची दांडी जशी धारेवर तोललेली असते, तशी त्यांनीं तारा धरणारी पट्टी एका जुन्या पोलादी पात्याच्या धारेवर तोलली. तारांच्या ओढीस तोल म्हणून १९२८ सालच्या एका मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. घोडीवर तारा घासूं नयेत म्हणून प्रत्येक तारेखालीं एकेक लहानसें चाक ठेवलें. दाबावयाचा दांडा सायकलवर पिशवी अडकविण्याच्या सळईचा, आणि त्याच्या टोंकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा.

विजेच्या गिटारीचा आवाज लांकडाच्या पोकळींतून बाहेर पडत नाहीं. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार हलली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो वाढवून कर्ण्यांतून ऐकवावयाचा. ब्रायननें पहिलीं वेटोळीं स्वतः केलीं, पण तार आडवी ओढली कीं त्यांतून नको तो आवाज येई. तेव्हां त्यानें बर्न्स कंपनीचीं तीन वेटोळीं विकत घेतलीं, आणि तीं कुई करूं नयेत म्हणून आंत अरल्डाइट ओतून घट्ट केलीं. त्यांच्या जोडणींत मात्र त्याचें स्वतःचें डोकें आहे. प्रत्येक वेटोळ्याला दोन बटणें : एक तें चालू वा बंद करण्याचें, दुसरें त्याचा प्रवाह उलटा करण्याचें. दोन वेटोळ्यांचे प्रवाह एका दिशेनें जुळले कीं आवाज भरदार निघतो. एकाचा उलटा केला कीं एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडतो, जड स्वर एकमेकांस मारतात व मागें एक बारीक, टोंकदार सूर राहतो. अंग मुद्दाम कांहीं ठिकाणीं पोकळ ठेवलें होतें, तेंहि याच विचारानें. कर्ण्याचा आवाज त्या पोकळींत शिरून तारांना पुन्हां हलवितो आणि स्वर विझतां विझतां पुन्हां पेट घेतो. गवयाच्या लांब श्वासासारखा जो स्वर मे काढतात, त्याचें एक मर्म येथें आहे.

दुसरें मर्म ध्वनिवर्धकांत. मे तरुण असतांना लंडनच्या मार्की क्लबांत रोरी गॅलहर या आयरिश वादकाचें वादन ऐकावयास गेले, व तें संपल्यावर हा आवाज कसा निघतो म्हणून त्यांनीं त्यालाच विचारलें. गॅलहरनें आडपडदा न ठेवतां दाखवून दिलें : व्हॉक्स कंपनीचा 'एसी ३०' नांवाचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक, आणि त्याच्या अगोदर उंच स्वरांस जोर देणारी एक लहानशी डबी. मे यांनीं तशीच जोडणी केली व ती आजतागायत सोडली नाहीं. व्हॉल्व्हला पेलवेल त्याहून अधिक जोराचा प्रवाह दिला कीं लाटांचीं टोंकें चपटीं होतात आणि आवाजाला घोगरेपणा व लांबी येते. वडील मंडळींना जो गोंगाट वाटतो तो हाच. पण मे गिटारीवरची चावी थोडी मागें फिरवितात तेव्हां तोच ध्वनिवर्धक स्वच्छ व मृदु बोलतो. कोठें किती घोगरेपणा हवा तें त्यांच्या करंगळीच्या अंतरावर आहे.

नखीची गोष्टहि सांगण्याजोगी आहे. बहुतेक वादक प्लॅस्टिकची नखी वापरतात, ती वांकते. मे यांनीं इंग्लंडांतलें सहा पेन्सचें जुनें नाणें पसंत केलें. तें वांकत नाहीं, त्यामुळें तारेचा कंप बोटांपर्यंत पोंचतो. आणि कडेला बारीक दांते असल्यामुळें तें जरा तिरकें धरलें तर व्यंजनासारखा खरखरीत उच्चार उमटतो. हें नाणें १९८० सालीं चलनांतून गेलें, पण मे यांच्या खिशांतून गेलें नाहीं.

१९६८ सालीं मे यांनीं लंडनच्या इंपीरिअल कॉलेजांतून पदार्थविज्ञानाची पदवी घेतली. त्याच सुमारास त्यांनीं रॉजर टेलर या ढोलवादकास व आणखी एका मित्रास घेऊन 'स्माइल' नांवाचा वृंद काढला होता. त्यांतून १९७० सालीं 'क्वीन' निघाला आणि त्याला गायक मिळाला तो फ्रेडी मर्क्युरी. या गायकाचें मूळचें नांव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, घराणें पारशी, आणि शालेय शिक्षण आमच्या पांचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्यें. तेथेंच शाळकरी सोबत्यांच्या 'हेक्टिक्स' नांवाच्या मेळ्यांत तो प्रथम पियानोवर बसला. १९७१ सालीं जॉन डीकन हा खर्जाची गिटार वाजविणारा आला व चौघे पुरे झाले. पुढची कीर्ति इतकी सर्वश्रुत आहे कीं ती येथें सांगत बसत नाहीं.

मे यांच्या वादनाविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहितों. रॉक वादकांपैकीं अनेकांचा भर वेगावर असतो. मे यांचा भर स्वरसंगतीवर आहे. एक ओळ ध्वनिमुद्रित करावी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी एकाच गिटारीची चार-पांच कंठांची गायनमंडळी ते उभी करतात. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यांत क्लॅरिनेट, ट्रंपेट व ट्रॉम्बोन वाजत आहेत असें वाटतें. पण तेथें एकहि फुंकण्याचें वाद्य नाहीं. सर्व रेड स्पेशल आहे, आणि तिचा आवाज निघतो डीकन यांनीं केरांत टाकलेल्या एका विजेच्या पट्टीपासून बनविलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या लहानग्या ध्वनिवर्धकांतून. त्याच गाण्यांत मे यांनीं उकुलेलेहि वाजविली आहे, व गाण्याचा आरंभ एका बापानें मुलास केलेल्या उपदेशानें होतो.

आमच्या गायनाच्या तासास एक तुकडी ओळ सुरू करते आणि थोड्या अंतरानें दुसरी तुकडी तीच ओळ उचलते, हा प्रकार मुलांच्या परिचयाचा आहे. 'ब्राइटन रॉक' या गाण्याच्या मध्यावर मे एकटेच तो साधतात. फितीवर आवाज धरून कांहीं क्षणांनीं परत ऐकविणारें यंत्र त्यांनीं लांबवून घेतलें. एक प्रतिध्वनि एका अंतरानें, दुसरा त्याच्या दुपटीनें. आतां वाजविलेला स्वर मागच्या दोन स्वरांशीं जुळला पाहिजे, म्हणजे वादकाला आपलेंच मागचें वाक्य लक्षांत ठेवून पुढचें बोलावें लागतें.

पदार्थविज्ञानाचा असाच एक उपयोग १९७७ च्या 'वुई विल रॉक यू' या गाण्यांत आहे. त्या वर्षीं एका जलशानंतर सारा श्रोतृसमाज आपण होऊन गाऊं लागला. दाटीवाटीनें उभा असलेला माणूस काय करूं शकेल, याचा विचार करून मे यांनीं तें गाणें रचलें : पाय आपटणें, टाळी वाजविणें, गाणें. लंडनच्या उत्तर भागांतील एका जुन्या प्रार्थनामंदिरांत ध्वनिमुद्रणगृह होतें; तेथें पडलेल्या फळ्यांवर त्यांनीं थोड्या माणसांकडून पाय आपटवून घेतले, आणि तो आवाज निरनिराळ्या अंतरांनीं पुन्हां पुन्हां मिसळला. हीं अंतरें मूळ संख्यांच्या प्रमाणांत ठेविलीं, कारण मूळ संख्यांना समाईक विभाजक नसतो. त्यामुळें प्रतिध्वनीचा ठराविक ठेका ऐकूं येत नाहीं आणि हजारों माणसें सभोंवार उभीं आहेत असा भास होतो. गाण्यांत ढोल नाहीं. आणि गिटार येते ती अगदीं शेवटीं.

आतां त्या दुराव्याकडे येऊं. १९७० पासून मे इंपीरिअल कॉलेजांतच डॉक्टरेटसाठीं संशोधन करीत होते. काळोख्या ठिकाणाहून सूर्योदयापूर्वीं किंवा सूर्यास्तानंतर क्षितिजावर शंकूच्या आकाराचा एक फिकट प्रकाश दिसतो. ग्रहांमधल्या पोकळींत पसरलेल्या धुळीवर सूर्यकिरण पडून तो उत्पन्न होतो. ही धूळ कोणत्या दिशेनें व किती वेगानें फिरते, हें त्या प्रकाशाचें पृथक्करण करून ठरविणें हा त्यांचा विषय. त्यासाठीं ते टेनेरीफ बेटावरील वेधशाळेंत रात्री काढीत. त्याच वर्षांत पोटासाठीं त्यांनीं लंडनच्या एका शाळेंत मुलांना गणितहि शिकविलें. शोधनिबंध पुष्कळसा लिहून झाला होता. आणि १९७४ सालीं क्वीनचें नांव होऊं लागतांच त्यांनीं तो बाजूस ठेवला.

हॅरल्ड मे यांस हें फार लागलें. ज्यांनीं मुलाबरोबर दोन वर्षें लांकूड तासलें, त्यांनींच त्या लांकडामुळें मुलाचें शिक्षण सुटलें असें पाहावें, हा योग कठीण खरा. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ आईबाप येथें हॅरल्ड यांच्या बाजूचे होतील, आणि आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परीक्षेच्या तोंडावर पुस्तक मिटणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत आणि त्यांतलीं सारींच ब्रायन मे नसतात. परंतु हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, मुलानें वडिलांना टाकलें नाहीं. वृंदाला यश आल्यावर त्यानें आईवडिलांस न्यूयॉर्कला नेलें, व नेलें तें कंकॉर्ड विमानानें, ज्याचें काम वडिलांनीं वर्षानुवर्षें केलें होतें पण ज्यांत ते कधीं बसले नव्हते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या प्रचंड मंडपांत त्यांनीं मुलाचें वादन ऐकलें. तें संपल्यावर वडिलांनीं, आतां मला समजलें, अशा अर्थाचे मोजके शब्द काढले, असें मे सांगतात.

निबंधाचे कागद मे यांनीं जपून ठेवले होते. २००६ सालीं त्यांनीं ते पुन्हां काढले, मधल्या काळांतलें संशोधन वाचून त्यांत भर घातली, आणि २००७ सालीं, साठाव्या वर्षीं, इंपीरिअल कॉलेजांतूनच डॉक्टर झाले. १९७४ ते २००७ हीं तेहतीस वर्षें झालीं. २०१५ सालीं 'न्यू होरायझन्स' यान प्लूटोजवळून गेलें, त्या वेळीं त्याच्या चित्रांपासून उठावदार जोडचित्रें करण्याच्या कामांत ते शास्त्रज्ञांसोबत होते. २०२३ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली.

गिटारीची डागडुजी १९९८ सालीं एका ऑस्ट्रेलियन कारागिरानें केली. शेकोटीच्या लांकडाची दांडी मात्र तीच आहे. २०२४ सालीं मे यांस मेंदूच्या विकाराचा सौम्य झटका आला आणि डाव्या हातावरील त्यांचा ताबा कांहीं काळ सुटला. पडद्यांवर फिरणारा हात तो डावाच. उपचारानंतर आपल्याला पुन्हां गिटार वाजवितां येते, असें त्यांनीं त्या वर्षीच्या सप्टेंबरांत स्वतः कळविलें.